एका नंबरावर सात मुली

नीळकंठ पांढरीपांडे हा विद्यापीठाच्या आमच्या वणी केंद्रातला कारकून. नात्यात सगळे वकील नाहीतर मास्तर. हाच एक कॉम्प्युटरपुढे बसून डोळे फोडून घेणारा. मी शेजारच्या टेबलावर. केंद्राची वेबसाइट आणि प्रवेशाचं काम त्याच्याकडे होतं.

नागपूरला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि त्याला वेडच लागलं. वेबसाइट आता आधी मोबाइलसाठी बांधायची, हलकी ठेवायची, अर्ज ज्याचा त्यानं घरबसल्या भरायचा. "एका अर्जासाठी गरिबानं दिवस मोडून वणीला काहून यायचं?" म्हणायचा. सहा महिने खपला. मी त्याला 'विश्वकर्मा' म्हणून चिडवायचो. पण खरं सांगतो, फुलसावंगीच्या मरतुकड्या नेटवर्कवरही पान झटक्यात उघडायचं.

लोक चुकतात, पुन्हा भरतात, म्हणून त्यानं एक अट घातली. एक मोबाइल नंबर, एक अर्ज. त्याच नंबरावरून दुसरा आला की पहिला पुसला जायचा. मीही वाहवा केली. आमच्या घरांत माणशी एक मोबाइल. आम्हाला दुसरं काय सुचणार!

ते बोंडअळीनंतरचं वर्ष, दोन हजार अठरा. कापूस हातचा गेलेला. फुलसावंगीजवळच्या तांड्यातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार होती. सुखीबाईची सोनू बारावीला तांड्यात पहिली आलेली. वसतिगृहासकट बी.एस्सी.ची जागा मिळाली तर ती शिकणार, नाहीतर तिच्याही हातात कोयता येणार.

यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी तांड्याचे नायक हरिसिंग आले. सोबत सुखीबाई आणि सोनू. गॅस असो, रेशन असो, तांड्यातल्या निम्म्या कागदांवर नंबर नायकांचाच.

"ह्या सोनूसकट सात पोरींनी माह्या मोबाइलवर फारम भरले, साहेब. लोकायच्या पोरी आधी बसवल्या, माही नात शेवटी. अन् यादीत एकटी नातच हाय. तांडा म्हणून राह्यला, नायकानं आपलीच घुसवली."

त्यांनी मोबाइल पुढे केला. 'अर्ज मिळाला' असे सात मेसेज जपून ठेवले होते. सातही मेसेजांत अर्जाचा क्रमांक एकच.

नीळकंठ पांढराफटक पडला. "पुसले गेले," तो म्हणाला. "मीच पुसले."

त्यानं मुख्य कार्यालयाला तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा तर फोनपुढेच हात जोडले. तिकडून एकच उत्तर, मुदत संपली.

"तुमी पुसलं, तं तुमीच लिवा ना, साहेब," सुखीबाई म्हणाली. मला स्वतःची इतकी चीड आली की मान वर करवेना.

मग हरिसिंग म्हणाले, "माह्या नातीचं नाव काटा. मले तांड्यात तोंड दाखवाचं हाय."

"ती जागा सोनूला नाही मिळणार, नायक. प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कोणालातरी जाईल."

"जाऊ द्या. पन काटा."

नाव काढायचीही नीळकंठची पद्धत मोबाइलवरचीच. नंबरावर सहा आकडे येणार, ते दहा मिनिटांत सांगायचे. मोबाइल वाजला. हरिसिंगना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो सोनूपुढे धरला. "वाच, बाई."

सोनूनं आकडे पाहिले आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "नाई वाचत. सात जनीतून एक तं शिकाले जाऊ द्या, नायकदादा."

दहा मिनिटं मोबाइल तसाच पालथा राहिला. मग नीळकंठच्या स्क्रीनवर आलं, 'मुदत संपली'.

नीळकंठनं त्याच संध्याकाळी ती अट काढली. "बैल गेला नि झोपा केला," असं स्वतःच म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकून रडला. दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक निघाला, त्यात सोनू होती.

पुढच्या जूनमध्ये नीळकंठ रोज सकाळी आल्या आल्या अर्जांची यादी उघडायचा. हरिसिंगांच्या नंबरावरून बारा अर्ज आले, बाराच्या बारा टिकले. सोनूचा त्यात नव्हता.