काकींनी विचारलेला खोटा प्रश्न

“ह्यो माझो झील न्हय,” म्हणत काकींनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. लाइन चालूच होती. मुंबईहून त्यांचा मुलगा म्हणवणारं कुणीतरी “आये, आये” करत होतं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी मालवणच्या पोस्टात टेलिफोनच्या बोर्डावर होतो. गाव बार्शीकडे, शाळा आठवीत सुटलेली. तारा वाटायच्या नोकरीला लागलो होतो. पोस्टमास्तरांनी बोर्ड शिकवून वर बसवलं. त्यांचे उपकार होतेच, पण चूक झाली तर घरी परत, ही धास्तीही रोज असायची.

हा काकींच्या नावाने आलेला पीपी कॉल होता. म्हणजे नाव दिलेलं माणूस स्वतः लाइनवर आलं की मगच मिनिटं सुरू. काकी देवबागच्या, मासे विकायच्या. त्यांना सगळा बाजार ओळखायचा. अडचण पलीकडच्याची होती. त्यांचा मुलगा येसो बोटीवर खलाशी. त्याच बोटीवरचा देवबागचा एक पोरगा तापाने गेला, एवढीच बातमी गावात आली होती. नाव नव्हतं. काकी तीन दिवस पेजेलाही शिवल्या नव्हत्या. आता मुंबईच्या इस्पितळातून बोलणाऱ्याचा घसा तापाने पार बसलेला, त्यात लाइन खराब. आवाज डब्यातून आल्यासारखा.

“कोणीतरी माझी समजूत काढता,” काकी म्हणाल्या.

“मला हेडफोनवर बरं ऐकू येतंय. तुम्ही विचारा, मी पोचवतो.” लाइन वाईट असली की ऑपरेटरने असं करायचं, ही आमची पद्धत.

“आणि तू रे खंयचो? तुझ्यार कित्याक इश्वास ठेवू?”

मास्तर आतून म्हणाले, “घाटावरचो आसा, काकी. खोटां बोलाक अजून शिकूक नाय.”

काकींनी घरच्या होडीचं नाव विचारलं. उत्तर बरोबर आलं.

“ता सगळ्या देवबागाक म्हायत आसा.” मग म्हणाल्या, “त्येका इचार, जाताना मी सुंगटां करून दिलंय, ती पुरली काय?”

सुंगटां म्हणजे कोळंबी. मी विचारलं. पलीकडून नुसता खोकण्याचा आवाज आला.

“मालवण, तीन मिनिटं होत आली,” मुंबईची ऑपरेटर म्हणाली.

काकींचा चेहरा बघवेना. ‘पुरली म्हणतोय’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. शहाणपणाने नाही, नोकरीच्या भीतीने गिळले.

मग आवाज आला. मी शब्द न् शब्द सांगितला: “आये, खूळ लागला काय तुका? सुंगटां खाल्ली काय माझ्या अंगार गांधी उठतत. तू माका कधी देवकच नाय. लोक हसतीत म्हणान लपवून ठेयलंस.”

काकींनी टेबलावरचा रिसीव्हर झटकन उचलला. “येश्या, मेल्या! तीन दिस खंय होतंस?” आणि रडायलाच लागल्या.

मुंबईने आणखी तीन मिनिटं दिली. मग काकींनी हळूच विचारलं, “मगे गेलो तो कोणाचो?”

ते उत्तर त्यांनी माझ्याकडून घेतलं नाही. रिसीव्हर कानाला घट्ट दाबून स्वतःच ऐकलं. मग डोळे पुसले आणि घरी न जाता आधी त्या पोराच्या आईकडे गेल्या.

आता नातवाचा कॉम्प्युटर ओळख पटवायला गुप्त प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असलेला कुणीही आत जातो. काकींनी न घडलेलं विचारलं होतं; परका त्याला हो म्हणाला असता, मुलगा भांडला. आणि मधे बसलेल्याने दयेपोटीसुद्धा आपला एक शब्द घालू नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो.