दशांशची यादी

माझ्या भावाला सगळे दशांश म्हणतात. लहानपणी ताप आला की हा स्वतःच थर्मामीटर लावायचा आणि आईला सांगायचा, एकशे एक पूर्णांक चार दशांश. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं, तिथेच चुकलं. पुढे तो संख्याशास्त्र शिकला, शहराच्या आरोग्य कार्यालयात लागला आणि त्याला वाटायला लागलं की जे मोजता येत नाही ते जगात नसतंच. मी त्याची थोरली बहीण. घरी शिवणकाम करते. दोन वर्षं आईचं सगळं मी केलंय, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे आणि मी बोलणार आहे.

आईला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, ती अंथरुणाला खिळली. तिला उचलायला, अंग पुसायला, कूस बदलायला रोज एक मावशी यायच्या. मावशींची अशी सहा घरं होती. दशांश सकाळी दारातूनच 'आई, येतो गं' म्हणायचा आणि सटकायचा.

मग साथ आली. लसही आली, पण पहिल्या खेपेला सगळे मिळून आठशे डोस. आधी कोणाला टोचायची हे ठरवायचं काम साहेबांनी दशांशच्या गळ्यात घातलं आणि त्याने त्यासाठी मॉडेल केलं. मॉडेल म्हणजे काय ते त्याने मला मोठ्या कौतुकाने समजावलं होतं. माणूस दिवसाला किती जणांना भेटतो, त्यातले किती जण आजारी असतील, आणि लागण झालीच तर हा माणूस दगावण्याची शक्यता किती, या तीन आकड्यांचा गुणाकार करायचा. ज्याचा गुणाकार मोठा त्याला लस आधी. भेटी मोजायला घरोघर फॉर्म वाटले. त्यात प्रश्न एकच होता, काल तुम्ही समोरासमोर किती जणांशी बोललात?

आमच्या घरचे फॉर्म त्यानेच भरले. माझी गिऱ्हाइकं धरून अकरा जण झाले. आईच्या फॉर्मवर त्याने शून्य लिहिलं. ती बोलतच नव्हती ना. शून्याने गुणल्यावर तिचं वय, तिचा मधुमेह, सगळ्याचं शून्य झालं. शहरातली अंथरुणावरची बहुतेक माणसं अशीच शेवटच्या यादीत जाऊन पडली. मावशींच्या फॉर्मवरही दोन-तीनच जण निघाले, कारण दिवसभर त्या ज्यांना उचलत होत्या त्यातल्या निम्म्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यामुळे मावशीही मागे. आणि पहिल्या यादीत कोण, तर मी. कपाळ माझं.

यादी लागली त्याच संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. मावशी आईच्या तोंडाशी तोंड आणून तिला उचलतात, ती भेट नाही का, असं विचारलं. त्याने ताट सरकवलं. म्हणाला, स्वतःच्या आईसाठी मी यादीत हात घालणार नाही, ओळखीपाळखीनेच सगळ्याची वाट लागली आहे. मी म्हटलं, अरे शहाण्या, सवलत कोण मागतंय? तुझं गणित चुकलंय एवढंच सांगतेय, आणि ते एकट्या आईचं चुकलेलं नाही. तो उठला आणि हात धुवायला गेला. आठवड्याभरात पेपरात त्याचा फोटो आला, 'आईलाही शेवटच्या यादीत ठेवणारा अधिकारी'. शेजारीण कौतुकाने कात्रण घेऊन आली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते कात्रण त्याने आईच्या खोलीत भिंतीला चिकटवलं, तिला पडल्या पडल्या दिसेल असं.

तीन आठवड्यांनी मावशींना खोकला सुरू झाला. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, धूळ गेली असेल. त्या आल्या आणि नेहमीसारखं आईला मिठीत घेऊन उठवून बसवलं. मी मावशींना बोल लावत नाही. त्या वाचल्या. आईने आठव्या दिवशी हॉस्पिटलात प्राण सोडला. मावशींच्या उरलेल्या पाच घरांपैकी दोन घरांतही तेच झालं.

महिन्याभराने एका दुपारी मी काजं करत बसले होते, तेव्हा दशांश ऑफिसातून लवकर आला. हातात दुसऱ्या खेपेची यादी होती. फॉर्ममध्ये नवा प्रश्न घातला होता, काल तुम्हाला कोणाकोणाचा हात लागला? साहेब बेहद्द खूश होते, रविवारी सत्कार ठरला होता. माझ्यासमोर खुर्ची ओढून तो म्हणाला की नव्या हिशोबाने आई पहिल्या यादीत एक्केचाळिसावी आली असती. मी सुई बाजूला ठेवली आणि विचारलं, हे तुझ्या कधी लक्षात आलं? तो खोटं बोलत नाही, एवढं मात्र मी कबूल करते.

"तू जेवताना बोललीस ना ताई, त्याच दिवशी. मी आकडे घालून पाहिले. तुझं बरोबर होतं."

"मग?"

"यादी बदलली असती तर आई वर आली असती. लोक म्हणाले असते, आईसाठी बदलली. म्हणून दुसऱ्या खेपेला बदलायचं ठरवलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आता त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, अशी अपेक्षा होती त्याची. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. आईचा जीव याने स्वतःच्या नावासाठी घालवला होता, आणि वर ते नाव पेपरात छापूनही आणलं होतं.

"आपल्या आईचं सोड," मी म्हटलं. "त्या पाच घरांत तर तुझी आई नव्हती. उद्या जा आणि त्यांना हे असंच सांग."

तो हो म्हणाला. रविवारी सत्कार झाला. सोमवारी त्याला सर्दी झाली, मंगळवारी मीटिंग निघाली. बुधवारी मी मशीन झाकलं आणि स्वतःच निघाले. पहिल्या घरी सुनेने दार उघडलं. तिचे सासरे गेले होते. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं, तो माझा सख्खा भाऊ आहे हेही सांगितलं. ती मला ओरडेल, हाकलून देईल असं वाटलं होतं. तिने फक्त एक विचारलं, त्यांना चूक कळली तेव्हा डोस शिल्लक होते का?

होते, मी म्हटलं. आठशेपैकी एकही अजून टोचला नव्हता.