पुंडलिकची फुंक

पेणच्या खाडीकाठच्या गावात पुंडलिक म्हात्रेची छाती प्रसिद्ध होती. उधाणाने खारबांध फुटून खांड पडली की पाण्याखाली बुडी मारून चिखल-पेंढा दाबायला लोक त्यालाच हाक मारायचे. तो खाली गेला की वरची माणसं कावरीबावरी व्हायची, आणि हा आरामात वर येऊन हसायचा. बाप मिठागरावर राबलेला. पुंडलिकने मात्र विशीतच धाटावच्या कारखान्यांची वाट धरली. रोह्याला एसटीने जायचं, तिथून कंपनीच्या बसने. रंग बनवणारी कंपनी होती. कामात तो तयार झाला, लग्न झालं, हौसा घरात आली, दोन मुलं झाली. सगळं सुरळीत चाललं होतं.

१९९५ च्या हिवाळ्यात एका दुपारी क्लोरीनच्या पाइपाचा जोड सुटला.

आधी नुसता फुस्स आवाज झाला. मग हिरवट पिवळा धूर जमिनीलगत सरकत आला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. पुंडलिकही पळाला, गेटपर्यंत पोचलाही. तिथे त्याच्या लक्षात आलं की जनू दिसत नाही. जनू त्याचा जोडीदार, गागोद्याकडच्या भातशेतकऱ्याचा मुलगा, शिफ्टभर टवाळी करणारा. पुंडलिकने गळ्यातला टॉवेल नळाखाली भिजवला, तोंडाला गुंडाळला आणि परत आत शिरला. जनू शिडीच्या पायथ्याशी गुडघ्यांवर पडून खोकत होता. त्याला ओढत बाहेर आणेपर्यंत पुंडलिकने श्वास धरून ठेवला होता. शेवटच्या काही पावलांना मात्र तो धरवला नाही. त्याने एक मोठा श्वास घेतला, आणि छातीत कुणी निखारे ओतावेत तसं झालं.

दोघांनाही रोह्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. जनू चार दिवसांत उठून बसला आणि नर्सची नक्कल करायला लागला. पुंडलिकही घरी आला. एक्स-रे स्वच्छ होता. पण त्या दिवसापासून पुंडलिक भ्यायला लागला.

कंपनीत पाय ठेवला की हातपाय गार पडायचे. कुठे वाफ सुटल्याचा आवाज झाला की तो भिंतीला चिकटायचा. जिना चढताना धाप लागायची, छातीत बारीक शिट्टी वाजायची. शिट्टी ऐकली की भीती वाढायची आणि भीती वाढली की शिट्टी. शेवटी त्या गॅसच्या शेडकडे जाणंच त्याने टाळलं. मुकादमाने त्याला पॅकिंगला लावलं, तर तिथेही रजाच जास्त.

एकदा पंचायतीने विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. हौसा पाणी भरून आली आणि हंड्याचा वास पुंडलिकच्या नाकात गेला मात्र, तो जेवता जेवता उठला आणि अनवाणी पळत सुटला. हौसा मागे धावली. तो बांधावर दोन्ही हातांनी गळा धरून बसलेला. ओठ निळे पडलेले.

"अवो, काय होतंय? बोला ना!"

"गॅस सुटला," तो कसाबसा म्हणाला. "मुलांना बाहेर काढ."

"कुठं गॅस? पाणी हाय ते, विहिरीचं."

शेजारच्या सीताबाईने हौसेला बाजूला घेतलं. "हौसा गो, याला कायतरी धरलंय. भगताकडं ने." कंपनीचे डॉक्टर वेगळ्या शब्दांत तेच म्हणाले, "एक्स-रे साफ आहे. धसका घेतलाय तू. मन खंबीर कर."

पुंडलिकला स्वतःलाच काही कळेनासं झालं. दम लागतो म्हणून मी भितो, की भितो म्हणून दम लागतो? पाण्याखाली बुडी मारून हसणारा माणूस हंडाभर पाण्याला घाबरतो, म्हणजे डोकंच फिरलं असणार. ही भीती गॅसच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण तिच्यापासून पळून जायला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजातून डॉ. नमिता कर्णिक रोह्यात आल्या. कारखान्यांतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा त्या अभ्यास करत होत्या. एका शाळेच्या वर्गात फुंक मोजायचं यंत्र मांडलं होतं. जनूनेच पुंडलिकला ओढत नेलं. "चल रे पुंड्या, फुकटात फुंकायचंय. शिमग्यातली पिपाणी समज."

जनूने नळीत अशी फुंक मारली की मदतनीस म्हणाला, "वा! नंबर एक." मग पुंडलिकची पाळी आली. तोंडात नळी दिली, आणि नाकाला चिमटा लावला.

नाक बंद होताच पुंडलिकच्या डोळ्यांपुढे तो हिरवट धूर आला. त्याने चिमटा हिसकून फेकला, खुर्ची पाडली आणि दारापर्यंत पळाला. वर्गात बसलेले कामगार हसले. कर्णिकबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, आणि नाक त्याच्याच बोटांनी धरायला सांगून पुन्हा फुंकायला लावलं. जोराने फुंकलं की खोकल्याची उबळ येत होती, म्हणून तो मध्येच सोडून देई.

"जोरच लावत नाही हा," मदतनीस वैतागून म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात बाई," पुंडलिक खाली बघत म्हणाला. "मी भितो. दुसरं काय नाय."

"असेलही," बाई म्हणाल्या. "फुंक माणसाच्या हातात असते. माणूस घाबरला तरी ती अर्धी येते आणि फुप्फुस आजारी असलं तरी अर्धी येते. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून मी सगळ्यांचंच रक्त घेते. आतल्या नळ्यांना सूज असेल तर तिथे जमलेल्या पेशी एक प्रथिन सोडतात. ते रक्तात उतरतं, आणि ते मोजता येतं. भिण्याने ते वाढत नाही की हिमतीने कमी होत नाही."

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीतून मुंबईला गेल्या. उत्तर यायला काही आठवडे लागणार होते. त्या दिवसांत पुंडलिकचं खाणं तुटलं. सूज निघाली तर? मुलं लहान, फुप्फुस कायमचं गेलेलं. आणि नाही निघाली तर? मग सीताबाई म्हणते तेच खरं, आपण वेडे झालो. यांतल्या कशाची जास्त भीती वाटते, ते त्याला ठरवता येत नव्हतं. हौसा देवाला नारळ बोलली, पण नेमकं काय मागावं हे तिलाही सुचेना.

बाई परत आल्या तेव्हा दोघंही रोह्याला गेली. बाईंनी आडवळण घेतलं नाही.

"पुंडलिक, तुमच्या रक्तात ते प्रथिन बरंच वाढलेलं आहे. एवढ्यावरून मी कुणाला आजारी ठरवत नाही, या तपासणीचा अजून अभ्यासच चाललाय. पण हा औषधाचा पंप तोंडाने ओढा आणि पुन्हा फुंका."

त्याने पंप ओढला, थोडा वेळ बसला, नाक धरलं आणि फुंकला. खोकला आला नाही. कागदावरची रेघ मागच्या वेळेपेक्षा खूप वर गेली.

"बघा. नळ्या आवळल्या होत्या, औषधाने मोकळ्या झाल्या. धसका तुम्ही घेतला असेल, पण आत सूज आहे ती खरी."

पुंडलिक ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत रडला. हौसा घाबरली. "आवरा ना. लोक बघतात." तो म्हणाला, "मी वेडा नाय गो हौसा. मी वेडा नाय." रडणं थांबलं आणि मग दुसरी भीती हळूच आत आली. फुप्फुसात सूज आहे, खरी आहे, आणि आपल्याला दोन मुलं आहेत.

निघताना बाईंनी विचारलं, "तुमचे जोडीदार, जनू, का येत नाहीत? मी निरोप पाठवले होते."

"त्याला कशाला? त्याची फुंक नंबर एक होती."

बाई एवढंच म्हणाल्या, "त्यांचं मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण त्यांना घेऊन या. लवकर."

दुसऱ्याच दिवशी पुंडलिकने जनूला गाठलं.

जनूने ऐकून घेतलं नाही. "मला काय धाड भरलीय? तुझं तू बघ." नंतर तर तो पुंडलिकला चुकवू लागला. बसमध्ये मागे बसायचा, जेवायला दुसरीकडे जायचा. असे चारेक महिने गेले. तो सापडायची जागा एकच होती, ती गॅसची शेड. पुंडलिक दोन दिवस तिच्या बाहेरूनच परत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने बाईंनी दिलेला पंप ओढला आणि आत पाय टाकला.

पाइपांतून वाहत्या गॅसची सळसळ कानात घुमत होती. नवे जोड चकचकत होते, तरी प्रत्येक जोड आत्ता सुटेल असं वाटत होतं. घामाने सदरा पाठीला चिकटला. तो पाइपांकडे न बघता शिडीपर्यंत गेला.

जनू शिडीच्या मध्यावर होता. एका हाताने कठडा धरून, कपाळ लोखंडाला टेकवून तो नुसता उभा होता. त्याचे खांदे वरखाली होत होते, आणि छातीतली शिट्टी पुंडलिकला खालून ऐकू आली. ती त्याच्या चांगली ओळखीची होती.

"जनू."

जनू दचकला. चेहरा पांढराफटक. "कुणाला बोलू नको, पुंड्या," तो धापा टाकत म्हणाला. "काढून टाकतील. महिना झाला, वर जाताच येत नाय मला."

"खाली ये."

"हसशील तू."

"मी हसेन?" पुंडलिक म्हणाला. "माझे पाय बघ, कसे कापतात ते."

एक एक पायरी करत जनू उतरला. कर्णिकबाईंकडे तो फुंकला तेव्हा रेघ आधीच्या अर्ध्यावरही पोचली नाही. रक्ताने जे आधी सांगितलं होतं ते फुंकेने सहा महिन्यांनी सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कंपनीला खडसावून पत्र लिहिलं: या दोघांना पुन्हा त्या शेडमध्ये पाठवायचं नाही.

जनूने नोकरी सोडली आणि गागोद्याला भात-वालाच्या शेतीकडे परतला. औषधाने तो सावरला, पण नांगर धरणं त्याला पुन्हा जमलं नाही. ते काम भावाने घेतलं. पुंडलिकला कंपनीने गेटजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. दोन वर्षांनी त्याच्या रक्तातलं ते प्रथिन बरंच उतरलं होतं. फुंक सुधारली, पण पूर्वीची झाली नाही, आणि होणार नाही असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

भीतीही पूर्ण गेली नाही. वारा शेडच्या बाजूने वाहू लागला की पुंडलिक ट्रक काट्यावर तसाच ठेवून बाहेर येतो, मान वर करून वास घेतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. तो आपली खात्री करून घेतो, आणि मगच आत जाऊन वजन बघतो.