चौदा नंबरचा खटका

डेल क्रँडल, फिरत्या घरांच्या वसाहतीचा म्हणजे पार्कचा व्यवस्थापक, नोटिशीचा कागद घेऊन आला तेव्हा अल्व्हिना मिशो बटाटे सोलत होती. तिने त्याला आत बोलावलं नाही. मग पायरीवर उभं राहूनच त्याने कागद वाचून दाखवला. चौदा नंबरच्या घरात विजेचा वापर पार्कमधल्या इतर घरांच्या अडीचपट आहे, इथल्या जुन्या तारांना एवढा भार झेपत नाही, तरी पंधरा दिवसांत वापर खाली आणावा आणि डीप फ्रीझर काढून टाकावा, नाहीतर जागा सोडावी.

"माझ्याकडे असं काय आहे रे, जे बाकीच्यांकडे नाही?" अल्व्हिनाने विचारलं.

"ते तुम्हीच बघा, मिसेस मिशो," डेल म्हणाला. आवाज मऊ होता. "या वयात होतं असं. हीटर चालूच राहतो, शेगडी बंद करायची राहून जाते. माझ्या आईचंही तसंच झालं होतं. तुम्हाला कुणी दोष देत नाहीये."

"तुझ्या आईचं मला माहीत नाही. मी काही विसरत नाही."

दार लावून तिने सुरी पुन्हा हातात घेतली, पण एकही बटाटा सोलला नाही. फ्रीझर जाईल याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. भाच्याने दिलेलं मूस हरणाचं मांस, ऑगस्टमध्ये वेचलेल्या ब्लूबेरी, वाटाण्याच्या सूपचे डबे, हे सगळं कुणाच्यातरी घरी ठेवता आलं असतं. पण तिला विसरभोळी ठरवून तो निघून गेला होता, आणि तेही दया दाखवून.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईने एकतीस वर्षं खोऱ्यातल्या बटाट्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. दर अर्ध्या तासाला पट्ट्यावरून एक घमेलं उचलायचं, बटाट्याच्या फोडी मोजायच्या, तोलायच्या, काळे डाग किती ते वहीत लिहायचं. एकदा एका साहेबाने डागांचे आकडे जरा कमी लिहायला सांगितले. तिने दिसले तेवढेच लिहिले. साहेबाने तिला ऐन हिवाळ्यात चार महिने शीतगृहात पाठवलं. बोटं फुटली, पण टेबलावर परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिने पुन्हा दिसले तेवढेच डाग लिहिले. तिचा नवरा फर्नांड जंगलात लाकूडतोडीवर असायचा. तो म्हणायचा, "हिच्याशी वाद घालायचा तर आधी तराजू घेऊन या." त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

संध्याकाळी कनेक्टिकटहून लीझचा, तिच्या मुलीचा, फोन आला.

"आई, देऊन टाक ना तो फ्रीझर. कशाला भांडत बसतेस? नाहीतर इकडेच ये राहायला."

"फ्रीझरसाठी कोण भांडतंय?"

"मग कशासाठी?"

"ते मोजल्यावर सांगते," अल्व्हिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या ग्रंथालयात गेली. पुस्तकांबरोबर तिथे बर्फावर चालायचे जोडे, मासे पकडायच्या काठ्या, असल्या वस्तूही घरी न्यायला मिळत. कॉरिन नावाच्या ग्रंथपालबाईने मुठीएवढं एक पांढरं यंत्र काढून दिलं. ते भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचं आणि मग फ्रीज म्हणा, टीव्ही म्हणा, त्याची वायर यंत्रात. किती वेळात किती वीज खाल्ली ते पडद्यावर दिसतं.

"दोन आठवड्यांनी परत आणा, मावशी," कॉरिन म्हणाली. "वर्षभरात कुणी हात लावलेला नाही याला, बिचाऱ्याला."

"आता लागेल," अल्व्हिना म्हणाली.

तिने एक कोरी वही काढली आणि रेघा आखल्या. सगळ्यात आधी आरोपी, म्हणजे फ्रीझर. पूर्ण एक दिवस यंत्रावर ठेवला. सव्वा युनिट. तिने आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. फ्रीज दीड युनिट. कॉफीचं भांडं नगण्य. टीव्ही बंद असतानाही थोडी वीज चाटत राहतो हे कळल्यावर तिने त्याची वायरच उपसून ठेवली. दिव्यांचे वॅट दिव्यांवरच लिहिलेले होते. घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा थेट तारांना जोडलेला, त्याला यंत्र लावता येईना. मग ती घड्याळ घेऊन भट्टीपुढे बसली आणि पंखा दिवसात किती मिनिटं फिरतो ते तिने लिहून काढलं. पाणी तापवायच्या टाकीचंही तसंच, थेट जोडलेली. दिवसभर तिने टाकीच बंद ठेवली, गॅसवर पातेल्यात पाणी तापवून आंघोळ केली, आणि घरापुढच्या खांबावरच्या मीटरचा आकडा सकाळ-संध्याकाळ पाहिला. फरक पडला तो तीन युनिटांचा.

शेजारचा रोझेअर थेरिओ हे सगळं कुंपणावरून बघत होता. एका दुपारी यंत्र मागायला आला आणि शेडमधल्या फ्रीजला लावून बसला.

"अगं अल्व्हिना, साडेतीन युनिट खातोय हा रोज. आत आहेत फक्त बिअरच्या सहा बाटल्या."

"मग बंद कर की."

"बंद कशाला करू? आता निदान कळलं तरी," रोझेअर म्हणाला.

दहाव्या दिवशी तिने बेरीज मांडली. सगळं घर मिळून दिवसाला नऊ युनिट. आणि खांबावरचं मीटर दाखवत होतं चोवीस. वहीतली बेरीज तिने तीनदा पुन्हा करून पाहिली. पंधरा युनिट कुठे जात होते?

मग तिने घरातला मेन स्विचच बंद केला. भट्टी थांबली, फ्रीज गप्प झाला. कोट चढवून ती खांबापाशी गेली. मीटर जुन्या धर्तीचं होतं, काचेच्या घुमटात ॲल्युमिनियमची चकती फिरणारं. घरात एक दिवा जळत नव्हता आणि चकती संथपणे फिरतच होती. अल्व्हिना तिच्याकडे पंधरा मिनिटं बघत उभी राहिली. मग हसली. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा.

ती वही घेऊन डेलच्या ऑफिसात गेली. रस्त्यापलीकडे, तिच्या घराच्या अगदी समोर, एका खोलीचं ऑफिस होतं. बाहेर थंड पेयांचं भलंमोठं मशीन घुंघुं करत उभं असायचं. डेलने वही चाळली आणि परत दिली.

"जुनं मीटर आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. वसंतात वायरमन बोलवू. तोवर फ्रीझरचं बघा. शनिवारी मुदत संपतेय."

"शनिवारी ये मग," ती म्हणाली. "मी खांबापाशी असेन."

शनिवारी सकाळी गवतावर पांढरं दहिवर जमलं होतं. डेल आला तेव्हा अल्व्हिना टोपी-मफलर घालून खांबाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. रोझेअरने सांगायचं काम चोख केलं होतं. आसपासच्या सात-आठ घरांतली माणसं हातात कॉफीचे मग घेऊन उभी होती.

"घरातला मेन स्विच बंद आहे. आत जाऊन बघून ये," ती डेलला म्हणाली.

तो बघून आला.

"आता ही चकती बघ."

"फिरतेय," रोझेअर म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"काहीतरी चालू राहिलं असेल," डेल म्हणाला.

"असेल. कुठे ते बघू या."

मीटरच्या खाली राखाडी पेटी होती आणि त्यात एक खटका. अल्व्हिनाने पेटी उघडली आणि तो खाली पाडला. चकती थांबली. त्याच क्षणी रस्त्यापलीकडचं पेयांचं मशीन घरघर करून गप्प झालं आणि त्याचा लाल उजेड गेला. ऑफिसच्या खिडकीतला दिवाही गेला.

 डेलने ऑफिसकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"चालू करा ते," तो म्हणाला.

"हा खटका चौदा नंबरचा आहे. पेटीवर लिहिलंय, वाच. माझी वीज मी बंद केलीय. तुझी कशी गेली?"

"मिसेस मिशो, माझा हीटर आहे आत, कॉम्प्युटर आहे."

"मला माहीत आहे तुझा हीटर. दिवसाला आठ युनिट असेल, आणि ते मशीन सात. तू जागा सोडायला सांगितलीस ती मला. ती नोटीस रद्द म्हणून आधी लिहून दे, मग खटका वर जाईल."

डेल तावातावाने पार्कच्या मालकाला फोन करायला गेला. अल्व्हिना उठली नाही. तिचं स्वतःचं घरही गार पडत चाललं होतं. फ्रीझरचं झाकण उघडलं नाही तर आतलं दिवसभर टिकतं, हे तिला ठाऊक होतं. पायांची बोटं शीतगृहातल्यासारखी बधिर झाली. कुणी घोंगडी आणून दिली, कुणी कुट्टूच्या पिठाची धिरडी लोणी लावून आणली. "घरात जा गं, मी बसतो," असं रोझेअरने दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "खुर्ची माझी आहे."

दुपारी दोन वाजता मालकाने धाडलेला वायरमन आला. त्याने खांबाच्या बुडाशी खणलं. हातभर खोलीवर एक काळी केबल रस्त्याखालून ऑफिसकडे गेलेली सापडली. पूर्वी कधीतरी, या मालकाच्याही आधी, बर्फाच्या वादळात ऑफिसची लाइन तुटली होती. तेव्हा तात्पुरती म्हणून ही जोडली आणि तशीच राहिली. डेलला ते माहीत नसावं. त्याच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं.

त्याने गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं: चौदा नंबरचा वापर नियमात आहे, नोटीस रद्द. अल्व्हिनाने वाचलं आणि कागद परत केला.

"अजून एक ओळ लिही. मिसेस मिशो काही विसरल्या नव्हत्या."

"असलं कोणी पत्रात लिहितं का?"

"तू लिहिणार आहेस."

त्याने लिहिलं. माफी काही मागितली नाही, आणि तिनेही त्याची वाट पाहिली नाही. केबल कापली गेल्यावर तिने खटका वर केला आणि आत जाऊन, मेन स्विच लावून, भट्टीपाशी पाय शेकत बसली. लीझला फोन करून म्हणाली, "मोजून झालं."

त्यानंतर कॉरिनला ग्रंथालयासाठी आणखी दोन यंत्रं मागवावी लागली, कारण पार्कमधली माणसं रांग लावायला लागली होती. अल्व्हिनाने सगळ्यांचे आकडे एका मोठ्या कागदावर उतरवले. फ्रीज किती, टीव्ही किती, रोझेअरची बिअर किती. शेवटच्या दोन ओळी ऑफिसचा हीटर आणि पेयांचं मशीन. कागद तिने पार्कच्या फलकावर लावला. सोमवारी डेलने तो फाडला. मंगळवारी सकाळी तिथे दुसरा होता, पहिल्यापेक्षा ठळक अक्षरात. हिवाळाभर तो फाडत राहिला आणि ती लिहीत राहिली. मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागल्यावर, डेलने फाडायचं सोडून दिलं. तरी दर मंगळवारी ती जाऊन कागद जागेवर आहे का ते बघून येते.