सुमनची ओटी

आमचा टीव्ही एका सुवासिनीच्या पाठवणीत गेला.

ती सुवासिनी आमच्या नात्यातली नव्हती. संध्याकाळी सातच्या विनोदी मालिकेतली ती सून, सुमन. आई तिला अकरा वर्षं रोज बघत होती. (मी बघत नसे. मी फक्त त्याच खोलीत पेपर घेऊन बसे, आणि मालिका संपेपर्यंत माझं पान उलटत नसे.) मग बातमी आली. सुमन, तिचा नवरा दिनू आणि सासरे आबा, तिघंही मालिका सोडणार. कथेत ते कॅनडाला जाणार आणि त्यांच्या घरात नवं बिऱ्हाड येणार.

"अगं, नट आहेत ते. करार संपला, चालले," मी म्हणालो.

"चालल्यात न्हवं? मग सवाशिन मोकळ्या वटीनं जाऊ द्याची व्हय रं?"

शेवटच्या भागाला आईनं टीव्हीसमोर पाट मांडला. सुमनसाठी खण, नारळ, तांदूळ. दोघा पुरुषांच्या हातावर ठेवायला वाटीभर दही. आमच्या मलकापुरात परगावी निघालेल्या माणसाला दही दिल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडू देत नाही. शेजारच्या शालनकाकी गल्लीतल्या पाच बायका घेऊन आल्या. असल्या थाटावर मी एरवी दोन वाक्यं तरी बोललो असतो, पण माझ्या हातात रिमोट दिला होता.

सुमन दाराशी आली. आईनं कुंकवात बोट बुडवलं.

"जरा थांब गं बाई."

सुमन थांबेना.

"आरं, थांबव की तिला!"

मी चित्र थांबवलं. एक पाय उंबऱ्याबाहेर आणि तोंड अर्धवट उघडं, अशी सुमन उभी राहिली. आईनं तिच्या कपाळावर ओलं कुंकू टेकवलं. काकींनी डोळ्याला पदर लावला.

मी चित्र सोडलं. सुमन पुढं गेली, कुंकू मात्र तिथंच राहिलं. आधी ते दिनूच्या बॅगेवर आलं, मग आबांच्या टकलावर.

"पुसा की, काय दिसंना," काकी म्हणाल्या.

"सवाशिनीचं कुंकू पुसायचं?"

"आई, ते आता आबांच्या टकलावर आहे," असं म्हणून मी ओलं फडकं घेतलं आणि जोर लावून पुसलं. पडद्यावर जांभळी रेघ उठली. आधी चित्र गेलं, मग आवाज.

"पोरगी गाडीत बसली का न्हाई, त्ये बी कळलं न्हाई," आई पाटाशीच बसली. "आन् पुसलंस तू."

ती त्या दिवशी जेवली नाही.

दुरुस्तीवाला म्हणाला, पडदा यायला महिना लागेल. मोबाइलवरचं आईला दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तो भाग मीच बघून तिला सांगितला.

"जाताना मागं वळून बघितलं का तिनं?"

"बघितलं." (बघितलं नव्हतं.)

"कसं? करून दाव."

मी उठून दारापर्यंत गेलो आणि मागं वळून बघितलं. आई त्या दिवशी भाकरी जेवली.

तेव्हापासून रोज सातला, काळ्या टीव्हीसमोर, गल्लीतल्या बायकांना मी जुने भाग करून दाखवतो. सुमन मी, दिनू मी, आबाही मीच. परवा निघताना काकी आईला म्हणाल्या, "पयली माणसं बरी हुती बाई. ह्यो लय वढून-ताणून करतोय."

मीही मालिका सोडायला एका पायावर तयार आहे. पण माझ्या हातावर दही ठेवायला कुणी तयार नाही.