शेळीचा वार्षिक अहवाल

छावणीच्या बाजारामागं दोन खोल्यांत आमची संस्था होती. सोयगावकडच्या डोंगरातल्या भिल्ल वस्त्यांवर नवराबायको वेगळे झाले, तर पोरांच्या पोटापाण्यासाठी बापाकडून काय मिळतं ते बघायचं, मिळत नसेल तर मिळवून द्यायचं आणि मार्च संपता संपता सगळ्याचा अहवाल पुण्याच्या मोठ्या कचेरीला धाडायचा, असं आमचं काम. बघण्याचं आणि मिळवण्याचं बाई करायच्या. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर वस्तीवरचे पंचसुद्धा ताठ बसायचे. अहवाल माझ्याकडं होता, कारण टायपिंगची परीक्षा पास झालेली मी एकटीच होते.

दुष्काळाची वर्षं होती ती. सोयगावकडं विहिरींना तळ लागलेला आणि इकडं शहर मात्र बायपास ओलांडून सुटलेलं. वस्तीवरची माणसं बांधकामांवर येऊन राहत होती. त्यांतच एक आई आपल्या दोन मुलींना घेऊन आली होती. अर्धवट बांधलेल्या रो-हाऊसच्या एका स्कीमवर ती राखणीला होती आणि पत्र्याच्या खोलीत राहत होती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून जातपंचायतीनं दोघांना वेगळं केलं होतं. रोकड त्याच्याकडं नव्हती, तेव्हा पंचांनी सांगितलं की पोरींसाठी दुभती शेळी दे. त्यानं दिली. नुसती दिली नाही, तर काळीपिवळी जीपमध्ये आपल्या मांडीशी धरून स्वतः इथवर आणून सोडली. पोरींना दोन वेळचं दूध सुरू झालं. बाईंच्या मते त्या वर्षातलं हे आमचं सगळ्यात चांगलं काम होतं.

अडलं ते अहवालात. पुण्याहून त्या वर्षी पहिल्यांदाच कॉम्प्युटरचा फॉर्म आला होता. ‘वडिलांकडून मिळालेली मदत’ या रकान्यात मी ‘शेळी’ टाइप केलं की मशीन टुंग असा आवाज करून ते पुसून टाकायचं. त्याला आकडाच पाहिजे होता. मी ‘एक’ घातला. बाईंनी खुर्ची ओढून बघितलं आणि म्हणाल्या की यावरून बापानं वर्षाला एक रुपया दिला असं दिसतं, ही त्या माणसाची बदनामी आहे. मग शेळीची किंमत घालू, असं मी सुचवलं. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं की किंमत खाटीक सांगतो, आणि ही शेळी कापायला दिलेली नाही. शेरा लिहायला जागाच नव्हती.

बाईंनी खुर्ची आणखी पुढं ओढली. मग त्यांनी विचारलं, “लाभार्थी मुलांच्या पानावर जागा आहे?”

“आहे की.”

“मग तिथं घे. त्याच घरात राहते, तिचंही खाणंपिणं बघावं लागतंच. अहवालातून तिला वगळायची नाही.”

बाईंपुढं कुणाचं काही चालत नसे, माझं तर नाहीच. दोन्ही मुलींच्या खाली तिसरी ओळ तयार झाली. नाव, आईनं हाक मारायला ठेवलेलं. स्त्री. वय दोन. शाळेत जाते का, तर नाही. मग मातृभाषा हा रकाना आला. बाई म्हणाल्या, घरात सगळे भिलीच बोलतात, तिलाही तीच कळते, तसं लिही.

वजन लिहिणं सक्तीचं होतं. म्हणून आम्ही दोघी रिक्षानं बायपासला गेलो आणि स्कीमशेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तिला उभी केली. भंगारवाला लोखंड तोलायला सरावलेला माणूस. तो म्हणाला, “बाई, लोहा हिलता नहीं. ये हिलती, मैं क्या करूँ?” शेवटी मुलींच्या आईनं तिच्या तोंडापुढं जास्वंदीची फांदी धरली, तेव्हा ती स्थिर झाली. वजन उत्तम निघालं, आणि ते साहजिकच होतं. गावाकडं चाऱ्याची काडी नव्हती. इथं नव्या बंगल्यांतले लोक टँकर मागवून बागा जगवत होते आणि शेळी त्या बागा रोज पहाटे तपासून यायची.

अहवाल गेला. पंधरा-वीस दिवसांनी पुण्याहून फोन आला. सगळ्या जिल्ह्यांत मुलांची वजनं घटलेली असताना आमच्याकडची एक दोन वर्षांची मुलगी फार चांगली वाढते आहे, तिला बघायला साहेब येणार आहेत. फोन ठेवून मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, “येऊ दे. चहाला दूध आहे.”

साहेब पन्नाशीचे, सौम्य, खिशाला दोन पेनं लावलेले. कागदाच्या पिशवीत त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला फ्रॉक होता, पिवळा, झालरीचा. रस्ताभर मी त्या पिशवीकडं बघणं टाळत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा मुली शाळेत गेल्या होत्या. साहेबांनी धाकटीला, म्हणजे अहवालातल्या तिसरीला, बघायचंय म्हटलं, तशी आईनं वाळूच्या ढिगाकडं हात केला. “ती काय साहेब, वर हुबी हाय.”

ढिगावर शेळी उभी होती. तिच्या शेजारी गवंड्याची पाच-सहा वर्षांची पोर खेळत होती. साहेब सरळ त्या पोरीपुढं जाऊन उकिडवे बसले आणि काय येतं तुला म्हणून विचारू लागले. पोरीनं बेचा पाढा म्हटला, मग तिनाचा. साहेब उठून आमच्याकडं आले. त्यांचे डोळे पाणावले होते. वयाच्या मानानं ही प्रगती विलक्षण आहे, असं ते म्हणाले आणि हिला आपण काय खायला घालता म्हणून आईला विचारलं.

“पाला,” आई म्हणाली. “जास्वंद लई आवडते.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. आता मात्र बाईंना राहवलं नाही.

“साहेब, ती नव्हे. तिच्या शेजारची.”

साहेबांनी वाळूकडं बघितलं. शेळीनंही त्यांच्याकडं बघितलं. “ही शेळी आहे,” ते हळूच म्हणाले.

“व्हय,” आई म्हणाली. तिला यात विशेष काही वाटलं नाही.

साहेब सिमेंटच्या पोत्यावर बसले. बाईंनी त्यांना फॉर्मची सगळी अडचण सांगितली: रुपया, खाटीक, बदनामी. मधेच आईनं चहा आणला. तो पिऊन ते जरा सावरले आणि दूध कुणाचं म्हणून त्यांनी विचारलं. आम्ही तिघींनी वाळूकडं बोट केलं. मग मात्र ते हसायला लागले, इतके की भंगारवाला काटा सोडून बघायला आला. शेवटी डोळे पुसून ते म्हणाले की बाई, हा फॉर्म मीच केलाय. केला तेव्हा बाप म्हणजे पगार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फ्रॉक त्यांनी गवंड्याच्या पोरीला दिला. तिनं पाढे म्हटले होते, तेव्हा तो तिचाच होता.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मात ‘वस्तुरूप मदत’ असा नवा रकाना आला. मी त्यात शेळी लिहिली आणि मशीननं मुकाट्यानं घेतली. मग मुलांच्या पानावरून तिचं नाव काढायला गेले, तर मशीन पुन्हा टुंग. लाभार्थी कमी करायचा तर कारण हवं होतं, आणि चारच कारणं दिलेली होती: मृत्यू, स्थलांतर, विवाह, सज्ञान.

बाईंनी चष्मा पुसला, चारही नीट वाचली आणि ‘सज्ञान’वर बोट ठेवलं. तोवर शेळीला दोन करडंही झाली होती, त्यामुळं मीही वाद घातला नाही.