मसालेभात आणि मुख्य संपादक

मंजिरी रहाळकरला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. त्या बुधवारी सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये खरकटी संपून स्वच्छ भांडीही पुन्हा घासून झाली, कुकरची शिट्टी सुटी करून घासली, तरी राग होता तिथेच. बाळकृष्ण ऑफिसातून आला, स्वयंपाकघरातला आवाज ऐकला आणि कपडे बदलायला म्हणून बेडरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. आवाज कशाचा आहे हे नवरेबुवांना पक्कं ठाऊक होतं.

आता ही मंजिरी कोण, ते आधी ऐका. बाई मूळ नाशिकची. पुण्यात राहून खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झाडांवर पीएच.डी. केली. लग्न झालं, नवरा पेट्रोकेमिकलमधला इंजिनियर, त्याच्या मागोमाग खोबरला आली. तिचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या जिवावरचा. त्यावर स्पष्ट लिहिलेलं, की या व्यक्तीला काम करायची परवानगी नाही. दुसरी एखादी भिशी आणि मॉल यांत रमली असती. ही सकाळी मुलीला शाळेत सोडायची आणि गाडी तशीच किनाऱ्यानं वर काढायची, जिथे चिखलात तिवरांची बनं उभी आहेत. गुडघाभर चिखलात उतरायची, फोटो काढायची, घरी येऊन लिहीत बसायची.

हळूहळू ओमान, कच्छ, इराण, सुदान अशा कुठल्याकुठल्या खाऱ्या किनाऱ्यांवरची संशोधक मंडळी तिला मेल करू लागली. त्यांची निरीक्षणं सोन्यासारखी, इंग्रजी मात्र यथातथा. मंजिरी त्यांचे निबंध नीट करून द्यायची, फुकट. आणि ते निबंध मोठमोठ्या जर्नलांकडून परत यायचे. शेरा ठरलेला: विषय केवळ स्थानिक महत्त्वाचा. स्थानिक म्हणे! किनाऱ्यामागून किनारा खारा होत चाललाय, शेतात समुद्र शिरतोय, आणि यांना ते स्थानिक वाटतं. हा शेरा पुन्हा पुन्हा वाचून तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि तिनं ठरवलं, आपण आपलंच जर्नल काढायचं.

लोकांना वाटतं जर्नल काढायचं म्हणजे नाव ठरवलं की झालं. कसलं काय. युरोपातल्या एका प्रकाशनसंस्थेला रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो. जर्नल कशाकशाला जागा देणार आणि कशाला नाही, आजवर असं का निघालं नाही, निघालं तर त्यात लिहिणार कोण, वाचणार कोण, संपादक मंडळात कोण बसणार, पहिल्या वर्षाचा मजकूर कुठून येणार, सगळं मांडून दाखवायचं. मग तो प्रस्ताव परक्या तज्ज्ञांकडे जातो, ते त्याची पिसं काढतात, त्यांना उत्तरं द्यायची. मंजिरीनं दोन वर्षं हेच केलं. डायनिंग टेबलाचं एक टोक तिच्या कागदांचं होतं आणि घरातले तिघं दुसऱ्या टोकाला दाटीनं जेवायचे. संपादक मंडळातला एकेक माणूस तिनं स्वतः बोलून जमवला. ती मंडळी तिच्या शब्दावर आली होती.

प्रस्ताव मंजूर व्हायच्या बेताला बाळकृष्णानं सांगितलं, की प्रकाशकांना वर विद्यापीठातला माणूस लागतो, नियमच आहे म्हणे. आपले डॉ. हेमचंद्र बोकील आहेत ना, इथल्याच विद्यापीठात प्राध्यापक, मुख्य संपादक म्हणून त्यांचं नाव घालू, तुझं सहसंपादक म्हणून राहीलच. बोकीलांचा विषय समुद्राच्या पाण्यातून मीठ काढण्याचा. झाडांशी त्यांचा संबंध बाल्कनीतल्या तुळशीपुरता, पण मीठ हा दुवा धरून चालेल असं ठरलं. मंजिरीनं कडू घोट गिळला. जर्नल निघतंय ना, मग निघू दे. बोकील त्याच सुमारास कॉन्फरन्सला युरोपात गेले, प्रकाशकांना भेटले, करारावर सही करून आले आणि येताना मंजिरीसाठी चॉकलेटं घेऊन आले. तिला ते नेहमी वहिनी म्हणायचे. तीही डॉक्टर आहे हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

त्या बुधवारी सकाळी जर्नलचं पान वेबसाइटवर झळकलं. नाव तिनं ठरवलेलं, मुखपृष्ठावरचा तिवराचा फोटो तिनं काढलेला, उद्दिष्टांचा परिच्छेद तिनं लिहिलेला, अगदी स्वल्पविरामासकट. मुख्य संपादक हेमचंद्र बोकील. सहसंपादक कोणीच नाही. मंजिरीनं पान खालपासून वरपर्यंत पुन्हा वाचलं. तिचं नाव कुठंच नव्हतं.

तिनं तडक प्रकाशनसंस्थेतल्या योहानाला व्हिडिओ कॉल लावला. दोन वर्षं याच बाईशी तिचा पत्रव्यवहार चालला होता. योहाना बिचारी गोंधळली. म्हणाली, तुम्हालाच नाव नको होतं ना? प्राध्यापकांनी तसं स्पष्ट सांगितलं, राहण्याच्या परवान्याची अडचण आहे, तुमच्या यजमानांचा तसा निरोप आहे. आणि विद्यापीठाचा नियम? असा नियम आमच्याकडे कधीच नव्हता, ती म्हणाली, आम्ही तुम्हालाच मुख्य संपादक धरून चाललो होतो. आता करार त्यांच्याशी झालाय. पण पहिला अंक निघायच्या आत त्यांनी स्वतः एक मेल लिहिला, की हे पद तुमचं, तर बदल करणं सोपं आहे. अंक निघाला की मात्र अवघड.

म्हणजे आता सगळं एका मेलवर आलं होतं. मंजिरीनं बोकीलांना फोन केला. ते गोड आवाजात म्हणाले, बघू या हो वहिनी, पहिला अंक तर निघू दे, घाई काय आहे. मग ती भांडी घासायला लागली.

रात्री बाळकृष्ण बाहेर आला आणि त्यानं कबूल केलं. नियमाची गोष्ट त्यानंच रचली होती आणि निरोपही त्यानंच धाडला होता. त्याच्या ऑफिसातल्या दोघांना लागोपाठ घरी पाठवलेलं, तेव्हापासून याची झोप उडालेली. इकामावर काम करायची परवानगी नाही असं लिहिलंय, उद्या कोणी बोट दाखवलं तर नोकरी जाईल, चारुताची शाळा जाईल, खलास सगळं. मंजिरीनं एवढंच विचारलं, की या कामाला पगार आहे का, आणि कंपनीत हे तू कोणाला विचारलंस का? पगार नव्हता. त्यानं कोणालाही विचारलं नव्हतं. बायकोला तर नव्हतंच नव्हतं.

"भीती तुझी होती ना?" ती म्हणाली. "मग माझ्या नावावर कशाला खपवलीस?"

त्याच्या भीतीचा तिला राग नव्हता, भीती कोणाला नसते. पण तिच्या तोंडचं 'नको' यानं परस्पर बोलून टाकलं होतं, आणि वर दोन महिने तिच्या हातचं जेवून तिला 'काय, कुठवर आलं तुमचं जर्नल' असं विचारत होता. तळपायाची आग मस्तकात गेली ती यामुळे.

आणि कमी होतं म्हणून की काय, गुरुवारी मुग्धाचा फोन आला. मुग्धा म्हणजे इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, उत्साही आणि अजाण. आपल्या बोकीलसरांनी आंतरराष्ट्रीय जर्नल काढलं, शुक्रवारी त्यांचा सत्कार आहे. इस्तराहा बुक केलाय, गावाबाहेरची ती अंगण नि हॉल असलेली भाड्याची जागा, मागच्या वेळचीच. मंजिरीताई, मसालेभात तुमचाच हवा. आणि आभारप्रदर्शनही तुम्हीच करा ना, तुम्ही सरांना टायपिंगला मदत केली होतीत म्हणे.

टायपिंगला. मंजिरी दोन्ही कामांना हो म्हणाली.

शुक्रवारी इस्तराहाच्या हॉलमध्ये मंडळ झाडून हजर होतं. स्वागत झालं, मुलांची गाणी झाली, अध्यक्षांचं लांबण झालं. बोकीलांच्या खांद्यावर शाल आली, हातात केरळी दुकानातून आणलेला नारळ आला. त्यांनी आपल्या प्रवासाबद्दल भाषण केलं, त्यात खाऱ्या किनाऱ्यांची हाक असा शब्दप्रयोग होता, तो मंजिरीच्या प्रस्तावातला. कोपऱ्यातल्या टेबलावर मसालेभाताचं पातेलं झाकून ठेवलेलं. त्याचा वास हॉलभर सुटलेला आणि लोक घड्याळं बघायला लागलेले. आभारप्रदर्शनाला मराठी माणूस ऐकत नसतो, चपला शोधत असतो. मुग्धानं नाव पुकारलं तेव्हा निम्मे लोक उठून रांगेकडे निघाले होते.

मंजिरी माइककडे गेलीच नाही. ती पातेल्यापाशी उभी राहिली आणि झाकणावर हात ठेवला.

"बोकीलसरांचे आभार," ती म्हणाली, "त्यांनी या जर्नलला स्वतःचं नाव दिलं. बाकी सगळं मी दिलं. प्रस्ताव मी लिहिला, माणसं मी जमवली, आत्ता सरांनी भाषणात वापरलेले शब्दसुद्धा माझे. आणि माझ्या यजमानांचे आभार. मला नाव नकोय, हे त्यांनी मला न विचारता सांगून टाकलं. तर आज मी सांगते. मला हवंय."

बाळकृष्ण खुर्चीत पार आक्रसून बसला. बोकील मोठे मुरलेले. ते हसत उठले, खांद्यावरची शाल काढली आणि वहिनींचा हक्क आहे हो असं म्हणत ती तिला पांघरायला पुढं आले. टाळ्याही वाजायला लागल्या. सगळ्यांना हायसं वाटलं असावं, की चला, निभावलं.

"शाल ठेवा तुमची," मंजिरी म्हणाली. "योहानाला मेल लिहा, मुख्य संपादक मी आहे म्हणून. आत्ता, इथं बसून."

बोकील म्हणाले, जेवणं तर होऊ देत. मागून दोघातिघांनी री ओढली. मंजिरीनं मान हलवली आणि म्हणाली, की जेवल्यावर माणूस झोपतो. तिनं हात काही झाकणावरून काढला नाही. जेवायला थांबलेली पोरं कुरकुरायला लागली. अध्यक्षांची साखर उतरत होती, ते घाम पुसत बोकीलांना म्हणाले, यल्ला सर, चला, लिहा एकदाचं. मग रांगेतून आणखी कोणी म्हणालं, खरं असेल तर लिहायला काय हरकत आहे? आणि खरं नाही असं म्हणायची बोकीलांना काही सोय नव्हती. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, नारळ मांडीवर ठेवला आणि मोबाइलवर टाइप करायला लागले. मंजिरीनं वाचून घेतलं, बदल पहिल्या अंकाच्या आधीच करा ही एक ओळ वाढवायला लावली, आणि मेल गेल्यावरच झाकण उघडलं.

तिनं रांगेतल्या पहिल्या काहींना वाढलं. बाळकृष्णाची प्लेट पुढं आली तेव्हा तिनं त्याच्या हातात पळी दिली आणि स्वतः आपलं ताट वाढून घेऊन बसली. तो गपचूप वाढायला लागला.

इथं सौदीत शुक्रवारची सुट्टी, पण तिकडे युरोपात कामाचा दिवस. जेवण निम्म्यावर आलं असेल नसेल, चारुता आईचा फोन घेऊन पळत आली. उत्तर आलं होतं. योहानानं लिहिलं होतं की फार आनंद झाला, सोमवारी पान बदलतो, फक्त नाव कसं छापायचं ते कळवा.

"मम्मा, फुल नेम टाइप करू? पासपोर्टवालं?" चारुतानं विचारलं. पासपोर्टवर, इकामावर, शाळेच्या फॉर्मवर, सगळीकडे मंजिरी बाळकृष्ण रहाळकर असंच होतं. बाळकृष्णानं पातेल्यापलीकडून वर बघितलं, त्याचा हात थांबला.

मंजिरीनं घास संपवला, पाणी प्यायली.

"डॉक्टर मंजिरी रहाळकर," ती म्हणाली. "मधलं नाव नको."